‘वन्स मोअर’पासून ‘आर्मी’पर्यंत

आमच्याकडे दरवर्षी पाच दिवसांचा गणपती असतो. २०२४ च्या गणपतीत शनिवारच्या आरतीला तीस-पस्तीस मंडळी जमली होती. आरती, प्रसाद, जेवणे आटोपली आणि मोठी माणसे नेहमीप्रमाणे घरांच्या किमती व मुलांचे कॉलेजप्रवेश या दोन सनातन विषयांकडे वळली. मुले गॅरेजमध्ये पळाली. थोड्या वेळाने तिकडून गाण्याचा दणदणाट ऐकू येऊ लागला, म्हणून आम्ही दोघे-तिघे डोकावलो. दहा-बारा मुलेमुली रांगा करून एका कोरियन गाण्यावर नाचत होती. एखादे पाऊल चुकले की एक मुलगी सगळ्यांना थांबवी आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होई. भिंतीशी ठेवलेल्या लॅपटॉपवर मूळ गाणे चालू होते. त्यात सात तरुण होते. गुळगुळीत चेहरे, ओठांना रंग, डोळ्यांत काजळ, कानांत डूल. माझा एक मित्र म्हणाला, “अरे, हे मुलगे आहेत की मुली?” सगळे हसले. मीही हसलो.

पाहुणे गेल्यावर ताटे विसळता विसळता माझी मुलगी म्हणाली, “बाबा, आपल्या हॉलमधला तो फोटो कोणाचा आहे?”

तो फोटो सांगलीहून, माझ्या आजोबांच्या माजघरातून आणलेला आहे. नऊवारी शालू, नाकात नथ, अंबाड्यावर गजरा, मान किंचित कललेली. खाली नाव नाही. आमच्या घरात नावाची गरज कधी पडली नव्हती.

“बालगंधर्वांचा,” मी म्हणालो.

“म्हणजे पुरुष ना?”

“हो.”

“मग तू हसलास कशाला?”

मुलगी सोळा वर्षांची आहे. या वयात मुले आईबापांना निरुत्तर करतातच. पण हा प्रश्न तेवढ्यावर सुटला नाही. जे वेड आम्ही फ्रेम करून भिंतीवर लावले आहे, त्याच जातीचे वेड गॅरेजमध्ये दिसताच आम्ही हसलो. तेव्हापासून मी जमेल तसे या कोरियन गाण्याचे ऐकले, वाचले. मी संगीताचा जाणकार नाही. माझी डॉक्टरेट यंत्रांच्या कंपनांवर आहे आणि नोकरी सॉफ्टवेअरची, त्यामुळे संगीताशी माझा शास्त्रशुद्ध संबंध कंपनांपुरताच. तरीही आपल्यापैकी ज्यांच्या घरात हे वेड शिरले आहे (आणि कोणाच्या घरात नाही?) त्यांना या टिपणाचा थोडा उपयोग व्हावा.

आपले जुने वेड

आधी आपल्याच घरातले पाहू. नारायण श्रीपाद राजहंस हे १८८८ साली जन्मले आणि १९०५ साली किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाले. १९११ साली ‘मानापमाना’तील भामिनी, १९१६ साली ‘स्वयंवरा’तील रुक्मिणी, १९१९ साली ‘एकच प्याल्या’तील सिंधू. दरम्यान १९१३ साली गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. चांगल्या घरच्या बायका त्यांच्याकडे पाहून साडी नेसू लागल्या, तसा गजरा माळू लागल्या. माझे आजोबा सांगत की पद संपले की ‘वन्स मोअर’ची आरोळी उठे, पुन्हा पद, पुन्हा आरोळी, आणि नाटक सुटेपर्यंत दूधवाले रस्त्यावर आलेले असत. आजोबांनी ऐकले ते उतरतीचे बालगंधर्व. तरीही ते नाव निघाले की आजोबांचा आवाज बदलत असे.

चाहत्यांचे तट हेही काही कोरियातून आलेले नाही. ‘गंधर्व’ मोठे की ‘ललितकलादर्श’चे केशवराव भोसले, यावरून मित्रामित्रांत वाद होत. या दोन्ही कंपन्यांनी ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत ‘संयुक्त मानापमान’ केले. केशवराव धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. उत्पन्न टिळक स्वराज्य फंडासाठी होते. शंभर रुपयांपर्यंत तिकीट, आणि तेही शंभर वर्षांपूर्वीचे शंभर रुपये! मुलीच्या तिकिटाची किंमत ऐकून मी कपाळाला हात लावला होता, तेव्हा हा हिशेब मला आठवायला हवा होता.

आणि वेडाची दुसरी बाजूही आपल्याकडे होती. पुढे गोहरबाई कर्नाटकी यांच्याशी बालगंधर्वांचे संबंध जुळले, तेव्हा याच रसिकांपैकी अनेकांनी नाके मुरडली. गाणे आमचे, गाणारा आमचा, तर त्याचा संसारही आमच्या पसंतीचा हवा. हा हक्क त्यांना कोणी दिला होता? कोणीच नाही; प्रेमाच्या पोटी तो त्यांनी घेतला होता. हा मुद्दा पुढे पुन्हा येणार आहे.

नॉर्थरिजचा पदवीधर

आता कोरिया. १९८० च्या दशकात ली सू-मान नावाचा एक कोरियन गायक अमेरिकेत शिकायला आला. आमच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर नॉर्थरिजला कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी आहे. तिथे त्याने कॉम्प्युटर इंजिनिअरिंगमध्ये मास्टर्स केले. ही गोष्ट कळली तेव्हा मला बसल्या जागी हसू आले. त्या काळात पुण्या-मुंबईहून, मद्रासहून, हैदराबादहून शेकडो मुले हीच पदवी घ्यायला इथे आली. आपण नोकऱ्या धरल्या, घरे घेतली, मंडळे काढली. हा गडी फावल्या वेळात एमटीव्ही पाहत बसला आणि १९८५ साली परत गेला. १९८९ साली त्याने सेऊलमध्ये स्टुडिओ काढला, १९९५ साली त्याची एस. एम. एन्टरटेनमेंट झाली आणि १९९६ साली त्याने ‘एच. ओ. टी.’ हा पाच पोरांचा संच बाजारात आणला. आजच्या सगळ्या संचांचा साचा तिथून सुरू होतो.

ती वेळही योग्य होती. लष्करी राजवटीच्या काळात कोरियात गाण्यांवर बंदी येई, गायक तुरुंगात जात. ध्वनिमुद्रणापूर्वीची सरकारी तपासणी १९९६ साली संपली. त्याआधी, १९९२ च्या एप्रिलमध्ये, ‘सो ताइजी अँड बॉइज’ या तिघांनी टेलिव्हिजनवरच्या एका स्पर्धेत रॅप गायले. परीक्षकांनी त्यांना सर्वांत कमी गुण दिले आणि तरुण पिढीने त्यांना डोक्यावर घेतले. १९९४ साली राष्ट्राध्यक्षांच्या सल्लागार मंडळाने एका अहवालात म्हटले की ‘जुरासिक पार्क’ या एका चित्रपटाचे उत्पन्न पंधरा लाख ह्युंदाई मोटारी विकण्याइतके आहे. मोटारी आणि जहाजे बांधणाऱ्या देशाला हे गणित चटकन समजले. १९९७ च्या आर्थिक संकटाने ते आणखी पक्के झाले.

ली सू-मान आपल्या पद्धतीला ‘सांस्कृतिक तंत्रज्ञान’ म्हणतो. इंजिनिअरला शोभेलसेच नाव. बारा-तेरा वर्षांची मुले निवडायची, वसतिगृहात ठेवायची, गाणे, नाच, परभाषा, कॅमेऱ्यासमोर वागणे यांची वर्षानुवर्षे तालीम द्यायची आणि मग त्यांतल्या थोड्यांना रंगमंचावर आणायचे. हे वाचून आपल्या एखाद्या वाचकाला ‘केवढा हा कारखाना!’ असे वाटेल. पण आपल्या नाटक कंपन्यांत मुले अशाच वयात येत. कंपनीच्या बिऱ्हाडातच राहणे, जेवणे आणि तालीम. केशवराव भोसले पोरवयातच ‘शारदा’ म्हणून गाजले होते. फरक प्रमाणाचा आहे, आणि दुसरा एक फरक गाण्याचा आहे.

गाणे म्हणून काय?

मुलीने मला बारा गाण्यांची यादी करून दिली आणि प्रत्येक गाण्याचे इंग्रजी भाषांतर छापून दिले. पहिल्या ऐकण्यात मला सगळी सारखी वाटली. पाचव्या ऐकण्यात तसे वाटेनासे झाले.

या गाण्यांची बांधणी तुकड्यांची असते. एक कडवे हळू, दुसरे रॅप, मध्येच वरच्या पट्टीतला आलाप, मग सगळ्यांनी मिळून म्हणायचा ध्रुवपदाचा भाग, आणि त्याला एक असा हावभाव जोडलेला की शाळेतल्या मुलांना तो दोन मिनिटांत यावा. ‘गर्ल्स जनरेशन’ या संचाचे २०१३ सालचे ‘आय गॉट अ बॉय’ घ्या. नॉर्वेच्या संगीतकारांनी बांधलेले हे गाणे मध्येच लय बदलते, पुन्हा बदलते, जणू चार गाणी एका दोऱ्यात ओवली आहेत. कसब मोठे आहे, पण मला ते गाणे प्रदर्शनातल्या यंत्रासारखे वाटले. प्रत्येक चाक चकचकीत आणि यंत्र नेमके काय करते ते कळत नाही.

याउलट बीटीएस या संचाचे २०१७ सालचे ‘स्प्रिंग डे’. दुरावलेल्या मित्राची आठवण एवढाच त्याचा विषय. १६ एप्रिल २०१४ रोजी कोरियात सेवोल ही बोट बुडून ३०४ जण गेले, त्यांत बहुसंख्य सहलीला निघालेले शाळकरी विद्यार्थी होते. श्रोत्यांनी हे गाणे त्या मुलांशी जोडले. चाल साधी आहे, एकाच वळणावर ती पुन्हा पुन्हा येते आणि प्रत्येक वेळी थोडी वर चढते. हे गाणे मी स्वतःहून पुन्हा लावले. भाषांतराचा कागद बाजूला ठेवूनही ते कळत होते.

यादीत २०१३ चे ‘एन. ओ.’ नावाचे एक गाणेही होते. परीक्षा, शिकवण्या, नामांकित विद्यापीठे आणि आपल्या मुलांकडून आपली स्वप्ने पुरी करून घेणारे आईबाप, असा त्याचा विषय. गणपतीच्या त्या संध्याकाळी दिवाणखान्यात आम्ही नेमके काय बोलत होतो, ते मी वर लिहिलेच आहे.

आता तो दुसरा फरक. डिसेंबर २०२१ मध्ये मी मुलीला घेऊन इंगलवूडच्या सोफाय स्टेडियममध्ये बीटीएसचा कार्यक्रम पाहिला. चार रात्रींची मिळून सुमारे २ लाख १४ हजार तिकिटे खपली होती. प्रत्येकाच्या हातात दांडीवर गोल असलेला एक दिवा होता. फोनमधून त्या दिव्याला आपला आसन क्रमांक सांगायचा. मग रंगमंचामागच्या संगणकावरून सारे दिवे एकदम जांभळे, एकदम पांढरे होतात, स्टेडियमभर लाटा फिरतात. इंजिनिअर म्हणून मी थक्क झालो. आरोळ्याही ठरलेल्या. कोणत्या ओळीनंतर कोणाचे नाव घ्यायचे, ते आधीच पाठ केलेले असते. पण गाणे मात्र जसे ध्वनिमुद्रित तसेच, त्याच मात्रांत सुरू झाले आणि त्याच मात्रेवर संपले. नाच सेकंदाला बांधलेला. त्यात नवी जागा घेणार कशी आणि कोण?

आजोबांच्या थिएटरात कोणाच्या हाती दिवा नव्हता. पण ‘वन्स मोअर’ झाला की ते पद पुन्हा येताना तसेच येत नसे. गायक नवी जागा घेई, एखाद्या शब्दाभोवती रेंगाळे, आणि श्रोत्यांच्या एका आरोळीने पदाचा आकार बदलून जाई. कोरियन गाण्याचा चाहता विक्रीचे आकडे बदलू शकतो, कंपनीचे निर्णय बदलू शकतो, पण समोर चाललेले गाणे तसूभरही बदलू शकत नाही. गायनाच्या कसोटीवर मी नाट्यसंगीताला कौल देतो, आणि तो केवळ सांगलीकर म्हणून देत नाही.

चाहत्याच्या हाताला काम

मग जगभरच्या मुलांना यात काय सापडले? भाषा सोपी केली म्हणून यश मिळाले म्हणावे, तर इतिहास वेगळा आहे. २००९ साली ‘वंडर गर्ल्स’ या संचाने आपले ‘नोबडी’ हे गाणे इंग्रजीत करून अमेरिकेत आणले, गावोगाव कार्यक्रम केले, आणि बिलबोर्डच्या शंभर गाण्यांच्या यादीत ते ७६ व्या क्रमांकाला लागले. २०१२ साली साय या गायकाचे ‘गंगनम स्टाइल’ कोरियनमध्येच दुसऱ्या क्रमांकावर गेले आणि यूट्यूबवर शंभर कोटी वेळा पाहिली गेलेली पहिली चित्रफीत ठरले. २०१८ साली बीटीएसचा कोरियन अल्बम अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर आला. ऑगस्ट २०२० मधले ‘डायनामाइट’ इंग्रजीत होते हे खरे. पण त्याच वर्षाच्या अखेरीस मुख्यतः कोरियनमध्ये असलेले ‘लाइफ गोज ऑन’ही थेट पहिल्या क्रमांकावर उतरले.

भाषा मोठी म्हणून म्हणावे, तर दक्षिण कोरियाची लोकसंख्या सव्वापाच कोटींच्याही आत आहे. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख होते.

माझे उत्तर असे आहे की, या गाण्याने चाहत्याच्या हाताला काम दिले. बीटीएसचे चाहते स्वतःला ‘आर्मी’ म्हणतात. गाणे आले की काही तासांत त्याची भाषांतरे पंचवीस भाषांत फिरू लागतात. ती कंपनी करत नाही. महाविद्यालयात शिकणारी, नोकरी करणारी माणसे रात्री जागून करतात. कोणी शब्दामागचा संदर्भ लिहिते, कोणी नाचाचे पाठ देते, कोणी आकडे सांभाळते. कोरियात कार्यक्रमाला फुलांऐवजी तांदळाची पोती पाठवून ती गरजूंना वाटण्याची प्रथा चाहत्यांनीच पाडली. जून २०२० मध्ये बीटीएस आणि त्यांच्या कंपनीने ‘ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर’ चळवळीला दहा लाख डॉलर दिले; चाहत्यांनी साधारण एका दिवसात तेवढीच रक्कम उभी केली. मला ‘संयुक्त मानापमान’ आठवले.

आमच्या व्यवसायात याला उपमा तयार आहे. आज जगातले बहुतेक संगणक ज्या सॉफ्टवेअरवर चालतात, त्याचा मोठा भाग माणसांनी हौसेने, विनामूल्य लिहिला आहे. ते का लिहितात, असे मला कोणी विचारले तर मी म्हणेन, आपला तुकडा त्यात बसला आणि चालला, याचे सुख पगारात मोजता येत नाही. मंडळाच्या कार्यक्रमासाठी शुक्रवारी रात्री दोनशे माणसांचे बटाटे सोलणाऱ्यांना हे सांगायला नको.

या फुकट कामाचे पैसे कोण खाते?

पण याच उपमेत एक काटा आहे. विनामूल्य कामावर मोठमोठ्या कंपन्या नफा कमावतात. बीटीएसची कंपनी ऑक्टोबर २०२० मध्ये शेअर बाजारात उतरली. रात्र जागणाऱ्या भाषांतरकारांना त्याचा वाटा मिळाला नाही. अल्बमच्या डबीत कलाकारांपैकी कोणाचा फोटो निघेल ते नशिबावर, म्हणून मुले एकाच अल्बमच्या चार-चार प्रती घेतात. आमच्या घरी एकाच गाण्यांच्या तीन तबकड्या आहेत आणि त्या वाजवायला यंत्र नाही. या कचऱ्याविरुद्ध २०२१ साली ‘केपॉप फॉर प्लॅनेट’ ही मोहीम उभी राहिली. तीही चाहत्यांनीच काढली, हे नोंदवले पाहिजे.

त्याहून गंभीर बाब गाणाऱ्या मुलांची. २००९ साली ‘टीव्हीएक्सक्यू’ या संचातील तिघांनी तेरा वर्षांच्या कराराविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. वर्तमानपत्रे अशा करारांना ‘गुलामीचे करार’ म्हणू लागली आणि त्याच वर्षी तेथील व्यापार आयोगाने सात वर्षांच्या मर्यादेचा नमुना करार काढला. जोंगह्यून २०१७ साली गेला, सली आणि कू हारा २०१९ साली. तिघेही विशीत होते. मुलीच्या खोलीत जोंगह्यूनचा फोटो आहे. त्याच्याविषयी आम्ही एकदा बोललो. ती माझ्यापेक्षा शांतपणे बोलली.

आणि वर म्हटलेला तो प्रेमाचा हक्क. मार्च २०२४ मध्ये ‘एस्पा’ संचातील करीना या गायिकेला हाताने माफीचे पत्र लिहावे लागले. गुन्हा काय, तर तिचे एका नटावर प्रेम आहे ही बातमी फुटली होती. चिडलेल्या चाहत्यांनी कंपनीच्या दारात निषेधाच्या पाट्या लावलेला ट्रक उभा केला होता. मुलगी म्हणाली, “असले लोक थोडे असतात, बाबा.” असतीलही. गोहरबाईंच्या वेळीही नाके मुरडणारे स्वतःला थोडे समजत नव्हते. रसिकाने कलावंताला पोसले की तो कलावंताचा मालक होतो, ही समजूत फार जुनी आहे. फोनने तिला फक्त वेग दिला.

ससा, कासव आणि ‘तुम्ही’

मुलीला कोरियन लिपी एका आठवड्यात आली. तिची आज वापरात असलेली मूळ अक्षरे चोवीस; लिपी १४४३ साली राजा सेजोंगने बसवलेली. ‘क’ उच्चारताना जीभ जशी वळते तसाच त्या अक्षराचा आकार. वर्णमाला उच्चारस्थानानुसार मांडणाऱ्या आपल्या लोकांना हे फार आवडावे. पण माझ्या मनात वेगळेच आले. मंडळाच्या मराठी शाळेत मुलगी पाच वर्षे गेली आणि देवनागरी अजून बोट ठेवून वाचते. मी तसे बोलून दाखवले. ती म्हणाली, “मराठीत मला वाचायला काय होतं? ससा आणि कासव. कोरियनमध्ये मला काहीतरी वाचायचं होतं.”

शाळेत शिकवणाऱ्या आपल्या भगिनी रविवारची सकाळ घालवून हे काम करतात. त्यांना दोष देण्याची माझी इच्छा नाही आणि पात्रताही नाही. पण हे वाक्य मी तिथे कळवले. अमेरिकेतल्या कॉलेजांत २०१६ ते २०२१ या काळात परकीय भाषा शिकणारे विद्यार्थी एकूण १६ टक्क्यांहून अधिक घटले, तर कोरियन शिकणारे सुमारे ३८ टक्क्यांनी वाढले. या मुलांना कोणीही ‘आपली भाषा टिकवा’ असे सांगितलेले नव्हते.

एक गोष्ट मात्र मला अनपेक्षितपणे मिळाली. कोरियनमध्ये बापाला ‘अप्पा’ म्हणतात. मुलीने मोठ्या बहिणीला हाक मारायचा शब्द वेगळा, मुलाने मारायचा वेगळा. वयाने मोठ्यांशी बोलताना क्रियापदाचे रूप बदलते. हे सगळे तिने वहीत कोष्टके करून पाठ केले. त्यानंतर एकदा आमचे शेजारी जोशीकाका आले असताना तिने, आयुष्यात पहिल्यांदा, “काका, तुम्ही चहा घेणार का?” असे विचारले. आजवर ती त्यांना सरळ ‘तू’ म्हणत आली होती आणि आम्ही ओशाळून हसत आलो होतो. दहा वर्षे ‘अगं, तुम्ही म्हण’ असे सांगून जे झाले नाही, ते सेऊलमार्गे झाले.

मराठी गाण्यात आज ताकद नाही म्हणून मुले जात नाहीत, असे म्हणायलाही जागा नाही. २०१६ च्या ‘सैराट’चे संगीत अजय-अतुल यांनी हॉलिवूडमध्ये सिम्फनी ऑर्केस्ट्रा घेऊन ध्वनिमुद्रित केले. मंडळाच्या कार्यक्रमात ‘झिंगाट’ लागले की अमराठी जावईसुद्धा उठतात. पण गाणे संपले की सगळे खाली बसतात. त्यानंतर करण्यासारखे काही त्यांच्या हाती दिलेले नसते. याला आपल्याकडे एकच मोठा अपवाद मला दिसतो, तो ढोल-ताशा पथकांचा. माझी मुलगी नाट्यसंगीताच्या कार्यक्रमाला यायला कुरकुरते, पण पथकाच्या सरावाला सकाळी आठला स्वतःहून उठते. तिथे तिच्या कमरेला ढोल असतो आणि तिचा ठोका चुकला तर सगळ्यांना कळतो. नाट्यसंगीताच्या कार्यक्रमात तिने फक्त गप्प बसायचे असते, तेही तिला न कळणाऱ्या शब्दांसमोर.

म्हणून आपल्या मंडळांना एक सुचवावेसे वाटते. पुढचा नाट्यसंगीताचा कार्यक्रम ठरेल, तेव्हा पदांचे अर्थ तीन महिने आधी मुलांच्या हाती द्या. इंग्रजी भाषांतर त्यांनीच करायचे, आणि गाणे चालू असताना ते पडद्यावर त्यांनीच दाखवायचे. अर्थ विचारायला ती आपल्याकडे येतील, आणि आपल्यापैकी किती जणांना तो नीट सांगता येतो तेही त्या निमित्ताने कळेल. मला आलेला अनुभव सांगतो. मुलीच्या एका कोरियन मैत्रिणीला ‘सैराट’ पाहायचा होता. मुलीने विचारले, “बाबा, सैराट म्हणजे काय?” मी म्हणालो, बेभान. मग म्हणालो, मोकाट. मग म्हणालो, दावे तोडून सुटलेल्या गुरासारखे. “दावं म्हणजे?” इथपासून आम्ही पुन्हा सुरुवात केली. अर्धा तास गेला, आणि इंग्रजीत एक शब्द काही सापडला नाही. तिने वहीत तीनही अर्थ लिहून घेतले, देवनागरीत. ‘दावे’चे ‘दावें’ झाले होते. ते मी तसेच राहू दिले.

बालगंधर्वांचा फोटो अजून जागेवरच आहे. आता त्याच्याखाली नावाची चिठ्ठी लावली आहे. मराठीत, इंग्रजीत आणि, मुलीच्या हट्टाने, कोरियनमध्ये.